कापडाला विचार

थांब, तुक्का. एकट्यानं उचलू नकोस.
लोखंड आहे ते, तुझ्या कमरेची त्याला फिकीर नाही.
घसरगाडी दारापर्यंत आण, फळी लाव,
मी पुढून ओढते, तू मागून रेट.
असं.
बाकावर नको. खाली, लाकडी जाळीवर.

कुओपिओच्या हाल्कोलानं चारी सिलिंडर
अर्ध्या मिलिमीटरनं मोठे करून दिले,
कागदावर पेन्सिलीनं आकडे लिहिले
आणि म्हणाला, धुतलंय बरं का, इर्या.
बत्तीस वर्षं मी गाडीतून मासे विकतेय.
माझं 'ताजं' आणि त्याचं 'धुतलंय'
एकाच माळेचे मणी.

आणि हा पेट्रोलचा डबा? आत कुणी आणला?
चुलीत बर्चची लाकडं लाल झालीत
आणि तू डबा कवटाळून उभा!
जा. शेडच्या पलीकडे, बर्फात ठेवून ये.
मग बोलू.

आलास? आता ऐक.
पेट्रोल तेल घेऊन जातं, चुरा मागे ठेवतं.
होनिंगच्या दगडाचा चुरा
त्या तिरप्या रेघांत दबा धरून बसतो.
तुला दिसणार नाही. पिस्टनला दिसेल.
त्याला साबणच लागतो, भांड्यांचा, साधा,
ताठ केसांचा ब्रश,
आणि हातमोज्यातूनही चटका जाणवेल इतकं गरम पाणी.
एवढं गरम पाणी या घरात सौनातच असतं,
म्हणून हा खटाटोप.

हसू नकोस.
मी या बाकावर जन्मले.
वडिलांना शेवटची आंघोळ याच बाकावर घातली,
आईनं आणि मी, फारसं न बोलता.
कानामागचं डिझेल तेव्हाही पुरतं निघालं नाही.
चालतं माणसाला.

तेलाच्या वाटांची बुचं काढलीस? सगळी?
मोज.
हाल्कोलाच्या कागदावर सहा आहेत, बशीत पाच.
बघ, मागच्या अंगाला, रंगाखाली लपलंय.
आता लांब ब्रश घाल, शेवटपर्यंत, फिरवत,
दुसऱ्या टोकातून बाहेर येऊ दे.

आलं!
कातकामाचा एकच कुरळा केस,
बाळाच्या जावळासारखा, लखलखीत.
पहिल्या मिनिटाला बेअरिंगमध्ये गेला असता
आणि आपण बसलो असतो
हाल्कोलाच्या नावानं खडे फोडत.

गॉगल लाव. कपाळावर नाही, डोळ्यांवर.
कॉम्प्रेसर बाहेरच राहू दे,
ओल्या फरशीवर विजेची वायर नको, नळी तेवढी आत घे.
भोकासमोर उभा राहू नकोस, बाजूला हो. सोड हवा.

आता घाई.
एरवी मी घाईच्या नावानं आंघोळ केलेली बाई,
पण उघडं लोखंड पाण्यातून निघालं
की दोन घोट कॉफी होईस्तोवर तांबूस होतं.
तेल चोळ, पातळ, प्रत्येक भिंतीला,
आणि ते पांढरं कापड घे. हो, उशीचा अभ्राच आहे.
असू दे.

गुरुवारी लेम्पी टपालपेट्यांपाशी येऊन उभी राहील,
पाकीट दोन्ही हातांत धरून.
तिला गाडी बंद आहे हे माहीत आहे.
तरी येते.
यीस्ट हवं असतं, आणि कुणीतरी विचारायला हवं असतं
की गुडघा कसा आहे.
तिच्यासाठी मी या कामात आठवडा वाचवू शकले असते.
नंतर त्याच गाडीनं तिला वाटेतच दगा दिला असता,
उणे सव्वीसमध्ये.

दाखव कापड.

हं. करडं.
पाचवा तुकडा, आणि अजून करडं.
माझ्याकडे बघू नकोस, मी थकलेय,
मी म्हणेन झालं.
हाल्कोलाला विचारशील तर तो परवाच म्हणालाय.
कापडाला भीड नसते, त्याला विचार.

चुलीत दोन ढलप्या टाक.
बादली आण.